थांब, तेल, पंप

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये सात खोक्यांतून मशीन उतरलं.
पॅनेलवर एकही अक्षर ओळखीचं नव्हतं.
कागदपत्रं माझ्याकडे, म्हणून बटणंही माझ्याकडे.

लियाओनं पहिल्या दिवशी लाल बटण दाखवलं:
थांब.
डावीकडे माणूस, बारीक, भिंतीला टेकल्यासारखा,
उजवीकडे मंडप, छपरासकट.
म्हटलं, कळलं. मंडप दिसला की माणूस थांबतो.
त्यानं मोबाइल पुढे केला,
मोबाइल बायकी आवाजात मोडकं हिंदी बोलला:
माणूस अर्थाचा. मंडप नुसता आवाजाचा.
त्यात कोणी बसायचं नसतं.
मी तरी बसले.
अजून डेपोवर पत्र्याखाली
सहाच्या बसची वाट बघणारं कोणी दिसलं
की लाल बटण आठवतं.

तेल म्हणजे तीन थेंब आणि शेजारी एक आवाज.
थेंब पाण्याचेच. कडेला उभं राहायचं तर
पाणी अंग चोरतं, तीन थेंबांत मावतं.
पंपात मात्र अख्खं असतं, डोक्यावर दगड घेऊन.
आणि ‘तापलंय’च्या पायाशी चार ठिपके,
ती आग.

त्याला वाटलं, मी गोंधळेन.
मी चलनाच्या पाठीवर आमचा र काढून दाखवला.
सूर्याच्या डोक्यावर चढतो,
चक्राच्या पायात अडकतो,
ट्रकखाली जॅक लावल्यासारखा बसतो,
दुसऱ्याच्या घरी नुसती पापणी.
एकच? त्यानं बोट वर करून विचारलं.
एकच.
मग समोरच्या लारीची पाटी दाखवली, गुजराती,
तिथे अक्षरांना छप्परच नाही.
मी दोन्हींत वाढले, घरी रेघ, बाजारात बिनरेघ,
कधी पावसात भिजल्यासारखं वाटलं नाही.
तो सेवउसळ खात होता. नाकातून पाणी,
किती थेंब ते मी मोजले नाहीत.

शेवटच्या आठवड्यात हृदय शिकवलं.
खाली असलं तर वाटीसारखं वळण, तीन ठिपके.
कडेला असलं तर उभी रेघ, दोन ठिपके,
चेंगरून उभं.
आणि आणखी एक तुकडा. त्याचा अर्थ: गेलेलं, हरपलेलं.
गेलेलं वर, हृदय खाली: विसरणं.
हृदय डावीकडे, गेलेलं उजवीकडे: कामात असणं.
तेच दोन. फक्त जागा बदलली.
मी म्हटलं, हे अगदी बरोबर आहे,
आणि म्हटलं, एक मिनिट, इनव्हॉइसचा आकडा चुकलाय,
आणि पळाले.

तो शनिवारी गेला.
मी कस्टमच्या माणसाशी फोनवर होते, तीन तास,
एका शून्यासाठी.
गाडी गेटबाहेर कधी पडली, कळलं नाही.

सोमवारी कनुभाई ओशाळून उभे.
चिनी साहेबांनी तुमच्यासाठी काही लिहिलं होतं,
खडूनं, मशीनच्या दारावर.
हात पुसायच्या चिंधीनं त्यांनी अर्धं पुसलं,
मग वाटलं, कामाचं असेल,
म्हणून थांबले.

उरलं होतं तेवढं वाचता आलं:
गेलेलं.
भोवती तेलाचा फराटा,
डावीकडेही, खालीही.

विसरू नको, म्हणायचं होतं का त्याला?
की, सारखी कामात असतेस?
की शिकवलेल्याची नुसती उजळणी,
मास्तरांनी जाताना फळ्यावर ठेवतात तशी?
कनुभाई, नीट आठवा,
खाली वाटीसारखं काही होतं?
की बाजूला, उभं?

ते बराच वेळ दाराकडे बघत राहिले.
बेन, मने तो बधुं सरखुंज लागे.

पहिली पाळी आत येत होती.
बाकी सगळं पुसून घ्या, म्हटलं,
तेवढं सोडून.